रोख, उधार आणि मागे राहणारी नोंद

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी महाराष्ट्रातील किराणा दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहे. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतील अनेक लहान दुकानांवर मात्र वेगळीच पाटी लागली : 'यूपीआय नाही, फक्त रोख'. डिजिटल व्यवहारांत आघाडीवर मानल्या जाणाऱ्या या शहरात रोखीचा आग्रह पुन्हा का धरला गेला?

कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या काळात यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमांच्या आधारे लहान व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. हावेरी येथील एका भाजीविक्रेत्याकडे चार वर्षांतील १ कोटी ६३ लाख रुपयांच्या व्यवहारांपोटी सुमारे २९ लाख रुपयांची मागणी करण्यात आली. ताजी भाजी वस्तू व सेवा कर अर्थात जीएसटीतून मुक्त आहे. खात्यात जमा झालेली रक्कम म्हणजे नफा नव्हे, हेही उघड आहे. व्यापाऱ्यांनी २५ जुलै रोजी बंदची हाक दिली. त्यानंतर जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र पात्र व्यापाऱ्यांनी नोंदणी करून यापुढे कर भरावा, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जाहीर केले.

नियम काय सांगतो?

यूपीआयने पैसे स्वीकारले म्हणून कर लागत नाही. कर्नाटकात वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाख आणि सेवांची २० लाख रुपयांवर गेल्यास नोंदणी आवश्यक ठरते, आणि या उलाढालीत रोखीची विक्रीही मोजली जाते. केवळ करमुक्त माल विकणाऱ्यास नोंदणीची गरज नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यास आपसमेळ योजनेत एक टक्का कर भरता येतो. रोख आणि यूपीआय यांत कराच्या दृष्टीने फरक नाही. फरक आहे तो नोंदीचा.

चामराजपेट आणि पतपुरवठा

१८९२ मध्ये वसवलेली चामराजपेट ही बंगळुरूची जुनी वस्ती कृष्णराजेंद्र मार्केटला लागून आहे. भाजी, फुले आणि किराणा यांच्या या परिसरात रोख आणि उधार दोन्ही रोजच्या सवयीचे. कर्नाटक राज्य सहकारी अपेक्स बँकेचे मुख्यालयही याच वस्तीत आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेली ही बँक जिल्हा बँका आणि गावोगावच्या सोसायट्यांमार्फत कर्ज पोहोचवते. गावच्या सोसायटीत कर्जदाराची ओळख हीच त्याची पत असे. दुकानदाराची उधारीची वहीही त्याच विश्वासावर चाले.

अमेरिकेतील पत

अमेरिकेत ही ओळख कागदावर आली. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात घरोघरी क्रेडिट कार्डे पाठवली. पुढे कर्जफेडीच्या इतिहासावरून ग्राहकाला गुण देण्याची पद्धत रूढ झाली. २०२३ मध्ये तेथील व्यवहारांत रोखीचा वाटा १६ टक्के, तर क्रेडिट कार्डाचा ३२ टक्के होता. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याच्या पतीची नोंद नसते आणि त्याला गृहकर्ज मिळणे किंवा भाड्याने घर घेणेही अवघड जाते. काही अमेरिकी दुकानदार रोखीवर सवलत देतात, कारण कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर त्यांना शुल्क द्यावे लागते.

यूपीआयमध्ये साधारणतः ग्राहकाचे स्वतःचेच पैसे दुकानदाराच्या खात्यात जातात. ती उधारी नव्हे. म्हणजे अमेरिकी दुकानदाराला खटकते ते शुल्क, तर बंगळुरूच्या दुकानदाराला भीती वाटली ती नोंदीची.

नोंदीची दुसरी बाजू

हीच नोंद कर्जाचे दारही उघडू शकते. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना तारणाविना कर्ज मिळते आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही मिळतो. २०२५ मधील फेररचनेनुसार दुसरे कर्ज फेडणाऱ्यास यूपीआयशी जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड मिळू शकते.

म्हणून केवळ रोखीकडे परतणे हा सुरक्षित मार्ग नव्हे. त्यात व्यवसायाचा पुरावाही हरवतो. व्यवसायाचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवणे, खरेदीची बिले जपणे आणि करमुक्त मालाचा हिशेब स्वतंत्र लिहिणे, एवढे केले तरी नोटिशीला उत्तर देता येते. नोंद सरकारकडे आणि बँकेकडे असतेच. ती दुकानदाराच्या स्वतःच्या वहीतही असली पाहिजे.