कोन फिल्टर लावला, पण इंजिनच्या ब्रीदर पाइपचं काय?

बाइक मॉडिफाय करण्याचे रील्स आपण रोज बघतो. एअर फिल्टरचा डबा काढला, कोन फिल्टर लावला, की गाडी लगेच रेसर दिसते. पण त्या डब्याला इंजिनकडून आलेली एक रबरी नळी जोडलेली असते. डबा गेला की ती मोकळी पडते. तिचं पुढे काय केलं, हे रीलमध्ये सहसा दिसत नाही. हाच ब्रीदर पाइप.

इंजिनला श्वास कशाला लागतो?

पिस्टनच्या वर पेट्रोल जळतं. खाली क्रँककेस असतं, तिथे ऑइल उडत असतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू कडेने खाली निसटतो. याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोलही असतं.

शिवाय एका सिलिंडरच्या गाडीत पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबतो आणि वर जाताना ओढतो. जुन्या बुलेट ३५० चं इंजिन ३४६ सीसीचं. ३००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला ५० वेळा खाली येतो. म्हणजे दर सेकंदाला साधारण १७ लिटर हवा पुढे-मागे ढकलली जाते! ती सगळी बाहेर पडत नाही, पण दाबाला वाट हवीच. कुकरची शिट्टी दाबून धरली तर काय होईल, तसंच.

दोन घातक शॉर्टकट

*नळीला बूच मारणं:* दाब वाढतो आणि ऑइल सील, गॅस्केटमधून ऑइल बाहेर येऊ लागतं.

*नळी लटकत सोडणं:* पिस्टन वर जाताना नळी हवा आत ओढते. मी सणसवाडीत राहतो. पुणे-नगर रस्त्यावर ट्रेलरमागे उडणारी धूळ ज्याने खाल्लीय, त्याला सांगायला नको की हवेबरोबर आत काय जाणार. ती धूळ थेट ऑइलमध्ये मिसळते.

त्याहून मोठा धोका टायरचा. इथल्याच एका मित्राच्या गाडीची नळी मागच्या चाकाजवळ सोडली होती. ऑइलचे थेंब टायरवर पडत राहिले. शिक्रापूरच्या चाकण चौकात वळताना मागचं चाक सरकलं. वेग कमी होता म्हणून गुडघा सोलण्यावर निभावलं. मागे ट्रेलर असता तर?

कंपनी ती नळी डब्यात का सोडते?

ही वाफ पुन्हा इंजिनात जाऊन जळावी म्हणून. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये मोटारींना अशी पीसीव्ही पद्धत सक्तीची केली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू आहे आणि क्रँककेसची वाफ उघड्यावर सोडणं त्यात बसत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपं म्हणजे मूळ डबा ठेवा. बदल केलेलाच असेल तर मेकॅनिककडून हे तपासून घ्या:

१. नळी → कॅच कॅन → इनटेक, अशी बंद जोडणी. कॅच कॅन म्हणजे ऑइल अडवणारी छोटी डबी. उरलेली वाफ इंजिनात परत जाते.
२. नळी ऑइलला टिकणारी हवी. मूळ नळीपेक्षा बारीक नको.
३. नळी इंजिनकडून वर चढती हवी. मध्ये झोल पडला की पाणी साचतं आणि वाट बंद होते.
४. डबी सायलेन्सर आणि मागच्या टायरपासून लांब.
५. डबी वेळोवेळी रिकामी करा. थंडीत आत दुधाळ चहासारखा थर दिसला तर तो बहुधा पाणी मिसळलेल्या ऑइलचा असतो.

मोबाइलने तपासा

गाडी गरम करा, मोकळ्या जागेत मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये लावा आणि नळीचं डबीकडचं टोक काढा. मोबाइलवर २४० एफपीएसचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. १००० आरपीएमला साधारण दर १४ फ्रेमला एक फुंकर दिसेल. हलकी वाफ असेल तर काळजी नको. सतत दाट निळसर धूर येत असेल तर रिंगा झिजल्याची शक्यता आहे. तोच व्हिडिओ मेकॅनिकला दाखवा आणि कॉम्प्रेशन तपासायला सांगा. झालं की नळी परत घट्ट लावा.

कोडमधली एखादी ओळ काढण्याआधी ती कोण वापरतंय हे आम्ही शोधतो. गाडीतली नळी काढण्याआधी तुम्हीही तेच विचारा.