गाण्याच्या पोटातलं गाणं

भाद्रपदात दहा दिवस मराठी माणूस गणपतीची जी आरती रोज म्हणतो, तिचा अर्थ भल्याभल्यांना नीट सांगता येत नाही. पोटाभोवती बांधलेला नाग घाईत म्हटला जातो आणि विसरला जातो. शेवटच्या कडव्यात संकटसमयी धावून येण्याची विनवणी आहे. तिथे निम्मं घर चतुर्थीच्या उपासाचं नाव घेतं. त्या कडव्यात वाट पाहत बसलेला रामाचा दास म्हणजे दुसरा कोणी नाही, खुद्द कवी. त्याने आपली नाममुद्रा तिथे कोरून ठेवली आहे.

परंपरेने ही आरती समर्थ रामदासांची मानली जाते. रामदास जालना जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. गाव आता जांब समर्थ म्हणूनच ओळखलं जातं. आवडत्या गाण्यांत दडलेला अर्थ शोधायचा, तर मराठवाड्याचा हा कोपरा सोडून चालणार नाही. अर्थ मुद्दाम लपवणारे कवी इथे होऊन गेले, आणि कवीने न लपवलेला अर्थ शोधून काढणारे रसिकही त्यांना मिळाले.

लपवणाऱ्यांत पहिला मान एकनाथांचा (१५३३–१५९९). त्यांच्या पैठणाहून गोदावरी खाली उतरते, ती अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या दक्षिण कडेने वाहत जाते. नाथांचं भारूड हा उघड उघड दुहेरी कारभार. विंचू चावल्याची बोंब ठोकणारा माणूस रंगमंचावर लोळतो, लोक खो खो हसतात. मग कळतं की नांगी काम-क्रोधाची होती आणि उतारा सत्त्वगुणाचा आहे. ‘बुरगुंडा’मध्ये बाईला होणार म्हणून जे भाकीत केलं जातं, ते ज्ञान, अशी उकल भारूडकार करतात. शेजारच्या जिल्ह्यातले निरंजन भाकरे हे ‘बुरगुंडा’ गाजवणारे सोंगी भारूडकार. २०२१ मध्ये ते गेले. या प्रकारात सोंग आणि निरूपण एकाच माणसाने करायचं असतं. आधी हसवायचं, मग हसणाऱ्यालाच धरायचं. इथे अर्थ दडलेला असला तरी हरवत नाही, कारण किल्ली कुलपाशेजारीच टांगलेली असते.

जात्यावरच्या ओवीत ही किल्ली बाई स्वतःजवळ ठेवते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या भरपूर. पहाटे दळताना सीतेचं दुःख गायलं, तर सासूला काय आक्षेप असणार? राम कठोर, सासर कठोर, रान कठोर, हे सगळं पुराणातलं. ऐकणाऱ्या जावेला मात्र बरोबर कळायचं, आज कोणत्या रामाविषयी बोलणं चाललंय ते.

छापील कवितेत असा आडपडदा भा. रा. तांब्यांइतका बेमालूम क्वचितच कुणी घातला असेल. लता मंगेशकरांच्या आवाजातली, वसंत प्रभूंच्या चालीची ‘नववधू’ ऐकताना सासरी निघालेली, बावरलेली मुलगी दिसते. ग्वाल्हेरच्या या राजकवीची वधू म्हणजे मात्र देह सोडून निघालेला जीव, आणि तिला ज्याची ओढही आहे नि भीतीही, तो प्रियकर पलीकडचा, अशी उकल जाणकार करतात. हे माहीत नसताना ते गाणं लग्नघरात लावणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वरचा अर्थ इतका सुंदर जमला आहे की आत डोकावायची गरजच वाटू नये.

अण्णाभाऊ साठ्यांनी नेमकं उलट केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड सुरू होते ती मुंबईला पोटासाठी आलेल्या गड्याच्या विरहाने. गावाकडे राहिलेली ती देखणी बायको ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते न राहते, तोच शाहीर बेळगाव-कारवारची नावं घेऊन मोकळा होतो. मैना म्हणजे तुटलेला मुलूख! सभेत हजारोंपुढे गायचं, तर अर्थ ओळखण्याचं काम श्रोत्यांवर सोडून भागत नाही.

सगळ्यात चुरशीचा खटला मात्र पुन्हा जांबच्या कवीचा. ‘आनंदवनभुवनी’ या रामदासांच्या प्रकरणात एक स्वप्न आहे, दुष्टांचा संहार आहे, औरंगजेबाचा नावानिशी उल्लेख आहे. न्यायमूर्ती रानड्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं पुस्तक १९०० साली आलं. संतांच्या चळवळीत राष्ट्रउभारणी पाहण्याची दृष्टी त्याने रुजवली. पुढे राजवाडे आणि धुळ्याचे शंकरराव देव यांच्या पिढीने रामदासांच्या ओळींतून शिवकाळाचं राजकारण वाचलं. देवांनी समर्थांचे कागद, बाडं, पोथ्या यांचं जे जतन केलं त्याचं ऋण मोठंच आहे. पण परक्या राजवटीत राजकारणाची भाषा हवी असलेल्या वाचकांना ती या काव्यात सापडली, यात त्या काळाच्या गरजेचाही वाटा होता. रामदास शिवाजीराजांचे राजकीय गुरू होते का, हा वाद तेव्हापासून धुमसतो आहे, आणि दोन्ही बाजू पुराव्याला याच काव्याकडे धावतात.

१९७४ मध्ये, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, हृदयनाथ मंगेशकरांनी ‘शिवकल्याण राजा’त या प्रकरणातली निवडक कडवी चाल लावून लतादीदींकडून गाऊन घेतली. बहुतेकांच्या कानात आता तेवढंच ‘आनंदवनभुवनी’ आहे. मूळ प्रकरणाची सुरुवात मात्र जन्म आणि म्हातारपण यांच्या दुःखाने होते. संसार सोडून आनंदवनात जाण्याची आस तिथे आहे. आनंदवन हे काशीचं जुनं पुराणप्रसिद्ध नाव. काशीविश्वेश्वराचं मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडलं गेलं, हे शेजारी ठेवून वाचलं की त्या स्वप्नातला क्षोभ आधी एका यात्रेकरूचा वाटू लागतो. औरंगजेब मेला १७०७ मध्ये, रामदासांच्या पश्चात पाव शतकाने, तरी काव्यात तो आधीच बुडालेला आहे. भाकीत म्हणा, मनोरथ म्हणा. कवीने स्वतः त्याला रात्री पडलेलं स्वप्न म्हटलं आहे. आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी सर्वांत कमी वाचलेलं कडवं तेच असावं, अशी दाट शंका येते.