टीमक्समध्ये रंग का बिघडतात?

मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना आपण सहज सांगून जातो, "वगळलेली ओळ तांबडी दिसेल, नवी ओळ हिरवी." लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ती तशी दिसतेही. मग त्याच खिडकीचे दोन-चार कप्पे करून देणारा टीमक्स हा प्रोग्राम सुरू केला, की कधी नारिंगीचा तांबडा होतो, तर कधी रंग पार नाहीसे होतात. जिथे रंगावरूनच अर्थ लावायचा, तिथे ही अडचण किरकोळ नाही. मुले मात्र पडदा बिघडला असे समजून दुसऱ्या संगणकाकडे वळतात.

दोष पडद्याचा नसतो. टर्मिनलमध्ये रंगासाठी वेगळी वाट नाही. अक्षरे ज्या वाटेने येतात त्याच वाटेने रंगही येतो. एस्केप हे न दिसणारे चिन्ह, त्यामागून उघडा चौकोनी कंस, ३१ हा आकडा आणि एम हे अक्षर आले, की पुढचा मजकूर तांबडा. या खुणांनी सुरुवातीला आठच रंग सांगता येत. पुढे २५६ रंगांची पद्धत आली : १६ मूळ रंग, तांबड्या-हिरव्या-निळ्याच्या सहा-सहा पायऱ्यांचे ६ × ६ × ६ म्हणजे २१६, आणि २४ करड्या छटा. त्याहून पुढची पद्धत तिन्ही रंगांना प्रत्येकी २५६ पायऱ्या देते. गुणाकार केला तर १,६७,७७,२१६ रंग होतात!

समोरच्या टर्मिनलला यांतले काय कळते, हे प्रोग्रामने ओळखायचे कसे? त्यासाठी टर्मइन्फो नावाची वर्णनांची एक वहीच लिनक्समध्ये असते. 'टर्म' या चलात टर्मिनलचे नाव असते. प्रोग्राम ते वाचतो आणि वहीतले पान उघडतो. समोर खरोखर काय आहे हे तो पाहत नाही.

मेख येथेच आहे. टीमक्स हा नुसता निरोप्या नाही, दुभाषा आहे. आतल्या प्रोग्रामच्या खुणा तो स्वतः समजून घेतो आणि बाहेरच्या खिडकीला कळतील अशा खुणांत पुन्हा सांगतो. बाहेरच्या खिडकीला आठच रंग कळतात असे त्याला वाटले, तर तो जवळचा रंग निवडून देतो. म्हणजे 'टर्म' दोन : एक बाहेरचा, एक आतला. दोन्ही खरे हवेत.

म्हणून तपासणी बाहेरून आत करावी. टीमक्सच्या बाहेर 'टीपुट कलर्स' ही आज्ञा द्या. २५६ उत्तर यायला हवे. हे उत्तर वहीतले असल्याने २०८ क्रमांकाचा रंग छापून डोळ्यांनीही पाहावे. तो नारिंगी असतो. मग हेच टीमक्सच्या आत करावे. आत ८ उत्तर आले, तर टीमक्सच्या मांडणीच्या फायलीत 'डीफॉल्ट-टर्मिनल' ला 'टीमक्स-२५६कलर' हे नाव द्यावे. दूरच्या जुन्या संगणकावर हे पान नसेल, तर 'स्क्रीन-२५६कलर' ने काम भागते. सर्व छटा हव्या असतील, तर २०२१ च्या ३.२ आवृत्तीपासून 'टर्मिनल-फीचर्स' मध्ये बाहेरच्या टर्मिनलच्या नावापुढे 'आरजीबी' असे लिहिता येते.

पुष्कळजण शेलच्या सुरुवातीच्या फायलीत 'टर्म' म्हणजे 'एक्सटर्म-२५६कलर' असे ठोकून देतात. रंग येतात खरे, पण आतल्या प्रोग्रामला खोटी ओळख मिळते आणि होम, एंड यांसारख्या कळा रुसतात. ही युक्ती आम्हांला पसंत नाही.

फाईल बदलूनही फरक दिसला नाही, तर घाबरू नये. टीमक्सचा मूळ भाग मागे चालूच असतो आणि फाईल तो सुरू होतानाच वाचतो. तो बंद केला की सर्व कप्प्यांतले काम जाते, तेव्हा आधी मुलांना आपापले काम जतन करायला सांगावे.