आधी काम, मग कॉम्प्युटर

दुकान असो, पतसंस्था असो नाहीतर घरगुती मसाल्यांचा उद्योग, आता जिथं तिथं टेबलावर कॉम्प्युटर आणि भिंतीवर क्यूआर कोड दिसतोच. पण त्यानं काम हलकं झालं का, असं विचारा. कित्येक ठिकाणी तोच हिशेब आधी वहीत लिहायचा आणि मग कॉम्प्युटरवर चढवायचा, असं चालतं. म्हणजे दुप्पट काम! आणि ते बहुधा तिथल्या बाईच्याच वाट्याला येतं.

याचं कारण साधं आहे. शेजारच्यानं घेतलं म्हणून आपणही यंत्र घेतो. ते कशासाठी हवं, हा विचार मागून येतो.

उलटं कसं करावं, हे शिकायचं तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला जाऊ या. चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना सोबत घेऊन तिथं माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. संस्थापक सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता. बायका हटल्या नाहीत. आम्ही शिकू, पण हिशेब आम्हाला आजही येतो, तोंडी व्याज काढून दाखवतो, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. १९९७ साली बँक सुरू झाली.

बँकेचा हेतू स्पष्ट होता. कष्टकरी बाईची बचत व्हावी आणि ती तिच्याच हातात राहावी. बँकेत यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडायची, म्हणून बँकच बायकांच्या दारी जाऊ लागली. पुढे डिजिटल व्यवहारांची वेळ आली, तेव्हा पिन नंबर द्यायचं ठरत होतं. बायकांनी नको म्हटलं. नंबर कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा सवाल होता. मग अंगठ्याच्या ठशाचा मार्ग धरला गेला. ज्या अंगठ्यावरून बायकांना आयुष्यभर हिणवलं गेलं, तोच त्यांच्या पैशाचा राखणदार झाला!

मैत्रिणींनो, यातली गोम लक्षात घ्या. यंत्र निवडण्याआधी हेतू ठरला होता आणि ते वापरणाऱ्या बाईला विचारलं गेलं होतं.

आपल्यालाही हे करता येईल. नवं सॉफ्टवेअर किंवा अ‍ॅप घेण्याआधी एका कागदावर लिहा, अडतंय कुठं? उधारी वसूल होत नाही, की कोणता माल संपत आला ते कळत नाही, की ऑर्डरी विसरल्या जातात? एका वेळी एकच दुखणं धरा. उधारी लक्षात ठेवायला मोबाइल पुरत असेल, तर महागडा कॉम्प्युटर कशाला?

दुसरी गोष्ट पैशाची. २०१६ साली यूपीआय आलं आणि चहाच्या टपरीवरही मोबाइलनं पैसे घेणं सुरू झालं. पण पापड तुम्ही लाटायचे आणि क्यूआर कोड मात्र नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा, असं नाही ना? उद्या कर्ज मागायला गेलात, तर बँक तुमच्या खात्यावरची उलाढाल बघेल. ती कोरी असेल, तर तुमचे कष्ट दिसणार कसे? तेव्हा कोड स्वतःच्या खात्याचा घ्या. आणि पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवा.

नोकरी करणाऱ्यांसाठीही एक सांगणं. ऑफिसात नवी यंत्रणा आली, की ‘बाईंना हे जमायचं नाही’ असं म्हणून जुन्या कर्मचारी बाजूला पडतात. पण कोणता सभासद सुगीनंतर हप्ता भरतो, कोणाला आठवण करावी लागते, हे त्यांनाच ठाऊक असतं. प्रोग्रॅम बनवणाऱ्याला ते कोण सांगणार? म्हणून गप्प बसू नका. प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्या, असं म्हणा. ठरावीक दिवसांनंतर वही बंद करू, असंही ठरवून घ्या. नाहीतर दुहेरी लिखाण संपायचं नाही.

मिक्सर आला तरी कोणती चटणी वाटायची, हे आपणच ठरवतो ना? मग कॉम्प्युटरचं वेगळं काय आहे!