परवाना मिळाला, पिस्तूल कोणते? ‘डबल अ‍ॅक्शन’चा ट्रिगर जड का असतो?

बेटेगाव किंवा बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या नागरिकाला स्वसंरक्षणासाठी शस्त्र हवे असेल, तर परवान्याचा अर्ज पालघर जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. परवाना मिळाला तरी परदेशी व्हिडिओंतले ९ मिमी पिस्तूल घेता येत नाही. तो बोअर निषिद्ध आहे. नेहमीचा पर्याय .३२ बोअर.

डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगरच्या एकाच ओढीत घोडा मागे जातो आणि सुटतो. म्हणून ही ओढ लांब, जड. शस्त्र रोज कमरेला असताना हाच जडपणा चुकून गोळी सुटू देत नाही. स्प्रिंग हलकी करून तो घालवणे म्हणजे स्वतःच्याच मांडीवर नेम धरणे! पकड बसत नसेल तर मुठीच्या पट्ट्या बदला; बाकी काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. परवान्याशिवाय नळी आखूड करायला शस्त्र कायदा १९५९च्या कलम ६ची मनाई आहे.