पांढरीचे टेकाड : दंतकथा आणि खरा ठेवा

खानदेशात तापी, गिरणा आदी नद्यांच्या काठी काही गावांलगत मातीचे उंच टेकाड आढळते. शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी', असा आपल्याकडील जुना प्रघात. त्यामुळे ओसाड पडलेल्या वस्तीच्या टेकाडालाही पांढरीच म्हणतात. तेथे पूर्वी गवळी राजा राज्य करीत होता, त्याचे धन जमिनीत पुरले आहे व नाग त्याची राखण करतो, अशा कथा आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत.

ह्या टेकाडांत खरोखर काय दडले आहे? जळगाव जिल्ह्यात गिरणाकाठच्या बहाळ येथे १९५२ पासून म. न. देशपांडे ह्यांनी, तर तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर ह्यांनी उत्खनन केले. (प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.) दोन्ही ठिकाणी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे थर व तांबड्यावर काळी नक्षी असलेली खापरे मिळाली. पडक्या घरांची माती, राख व केरकचरा पिढ्यान्‌पिढ्या साचून टेकाड उंचावते. पवित्र शास्त्रातही यहोशवाच्या पुस्तकात (११:१३) टेकाडांवर वसलेल्या नगरांचा उल्लेख आहे.

आयर्लंडमध्ये मातीच्या गोल तटबंदीची चाळीस हजारांहून अधिक प्राचीन स्थळे आहेत. तेथे पऱ्यांचा वास असतो, ह्या भयाने शेतकऱ्यांनी त्यांना नांगर लावला नाही व त्यांतील पुष्कळशी वाचली. आपल्या कथेत मात्र भयाइतकाच धनाचा मोहही आहे. त्या मोहापायी रात्री पूजा मांडून खोदकाम होते. शिवाय खत म्हणून पांढरीची माती गाड्या भरून शेतात नेली जाते. एकदा थर विस्कटले की तो इतिहास पुन्हा वाचता येत नाही.

गुप्तधनासाठी मांत्रिकाकडे जाणे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविरुद्ध आहे. त्यासाठी अघोरी कृत्ये करणे २०१३ च्या राज्य कायद्यानुसार गुन्हाही आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या २०१५ च्या परिपत्रात निसर्गाबरोबर ऐतिहासिक वारसाही जपण्यास सांगितले आहे.

गवळी राजाची कथा मुलांना अवश्य सांगावी. ती आपल्या मातीची आहे. मात्र टेकाडावर सापडलेले खापर त्यांच्या हाती देऊन, येथे आपल्यासारख्याच माणसांची चूल पेटत होती, हेही सांगावे, अशी आमची धर्मग्रामांतील पालकांना व धर्मशिक्षकांना विनंती आहे.