घरच्या कुत्र्याची निगा : कोणीं राखावी व कशी?

दत्तगुरूंच्या तसबिरीसमोर रोज हात जोडणाऱ्या आमच्या घरांत त्या तसबिरींतील चार कुत्र्यांकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नव्हतें. वैश्वदेवानंतरचा श्वानबळी ठाऊक होता, खंडोबाचा कुत्रा ठाऊक होता, आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याची कथा तर सासूबाई मुलांना दर सुटींत सांगत. परंतु कुत्रा घरीं आणावा, त्यास न्हाऊं घालावें, त्याचीं नखें कापावीं, हें आमच्या वडील पिढीस रुचण्यासारखें नव्हतें. वाड्यांत कुत्रा असे तो ओट्यावर; उंबरठ्याच्या आंत येण्याची त्यास मुभा नसे. आतां वाडे गेले, ओटे गेले, आणि कुत्रा तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत थेट बैठकीच्या खोलींत येऊन बसला. त्याची जागा बदलली. त्याची निगा राखण्याची आपली रीत मात्र ओट्यावरचीच राहिली. ही रीत आम्हांस किती महाग पडली तें सांगावें, व इतरांस तसें पडूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.

आमचें घर पुण्यांतलें, अकरा माणसांचें. सहा वर्षांपूर्वीं धाकट्या भाऊजींनीं पावसांत भिजलेलें एक गांवठी पिलूं उचलून आणलें. सासूबाईंनीं दोन दिवस नाक मुरडलें. तिसऱ्या दिवशीं त्यांनींच त्यास दूधभात कालवून घातला व त्याचें नांव मोती ठेवलें. पुढें मोती सर्वांचाच झाला. मामंजी त्याला पहाटे फिरावयास नेत, थोरल्या जाऊबाई दोन्ही वेळचें जेवण घालीत, मुलें दिवसभर त्याच्याशीं खेळत, आणि वन्सं माहेरीं आल्या कीं त्याच्यासाठीं निराळा खाऊ आणीत. इतकें प्रेम वांट्याला आलेला दुसरा कुत्रा आमच्या आळींत नव्हता.

तिसऱ्या वर्षीं श्रावणांत मोतीनें अन्न टाकलें. जाऊबाईंना वाटलें, मुलांनीं कांहीं खाऊं घातलें असेल. मुलांना वाटलें, तो रुसला आहे. चालतांना तो मागें राहतो हें मामंजींनीं पाहिलें होतें. पण पावसाळी हवेनें अंग जड झालें असेल म्हणून त्यांनीं तें बोलून दाखविलें नाहीं. माझ्या स्वतःच्या हाताला त्याच्या कानापाशीं वाटाण्याएवढें कांहींतरी टणक लागलें होतें. चामखीळ असेल असें समजून मीं हात धुतले आणि कामाला लागलें. पांचव्या दिवशीं त्याच्या नाकांतून रक्त आलें. पशुवैद्यांनीं त्याचा कान उलटून दाखविला. आंत गोचिडांची रांग लागली होती.

"घरांत माणसें किती?" त्यांनीं विचारलें.

"अकरा," मामंजी म्हणाले.

यावर ते कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या त्या न बोलण्याची बोच मला अजून आहे. औषध सुरू झालें, परंतु उशीर झाला होता. नवव्या दिवशीं मोती गेला.

पुढें पुष्कळ विचार केल्यावर मला असें दिसून आलें कीं, आमच्या घरीं मोतीच्या जेवणाची आबाळ एकदांही झाली नव्हती, कारण भुकेला कुत्रा पानापाशीं येऊन उभा राहतो. परंतु माझा कान पाहा, माझे दांत पाहा, असें सांगावयास तो येत नाहीं. उलट दुखणें लपविण्याकडेच त्याचा स्वभावतः कल असतो. म्हणून जें तो मागतो तें एकत्र कुटुंबांत त्याला दहा हातांनीं मिळतें. जें तो मागत नाहीं, तें ज्याचें त्याला वाटतें कीं दुसरा कोणी करीतच असेल. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, हा अनुभव संसारांत नवा नाहीं. येथें मात्र तो एका मुक्या जिवावर बेतला.

मोतीला झालेल्या आजारास आपल्याकडे गोचीडताप म्हणतात. त्याचा एक मुख्य प्रकार, एर्लिकिओसिस, प्रथम १९३५ सालीं अल्जीरियांत ओळखला गेला, आणि पुढें व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्याचे शेंकडों कुत्रे त्यास बळी पडले. गोचीड रक्त पितांना या रोगाचे सूक्ष्म जंतू कुत्र्याच्या शरीरांत सोडतें. ताप, अन्नावरची वासना जाणें, फिकट हिरड्या, सुस्ती हीं पहिलीं लक्षणें. पुढें रक्त गोठविणाऱ्या कणिका कमी होऊन नाकांतून रक्त येऊं लागतें. वेळीं ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधानें बहुतेक कुत्रे बरे होतात. मात्र तें साधारण चार आठवडे नेमानें द्यावें लागतें. कुत्रा पुन्हां उड्या मारूं लागला म्हणून तें मध्येंच सोडूं नये.

गोचीड अंगावर दिसल्यास त्यावर रॉकेल ओतणें, काडीचा चटका देणें, हे जुने उपाय वर्ज्य समजावे. बारीक टोंकाच्या चिमट्यानें तें कातडीलगत धरून सरळ वर ओढावें, बोटांनीं चिरडूं नये, आणि ती जागा व आपले हात साबणानें धुवावे. परंतु एवढ्यानें काम संपत नाहीं. गोचिडाची मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या फटींत, चौकटींच्या सांध्यांत हजारों अंडीं घालते. म्हणजे कुत्रा स्वच्छ करून घर तसेंच ठेवणें व्यर्थ आहे. गोचीड होऊं नये म्हणून मानेवर घालण्याचे थेंब व पोटांत घेण्याच्या गोळ्या आतां मिळतात. त्यांचें प्रमाण कुत्र्याच्या वजनावर असल्यामुळें तें पशुवैद्यांनींच ठरवावें.

आतां रोजच्या कामाविषयीं. रात्रीं जेवणें झाल्यावर दहा मिनिटें कुत्र्याजवळ बसावें व नाकापासून शेंपटीपर्यंत त्याच्या अंगावरून हात फिरवावा. लांबून पाहण्यानें हें साधत नाहीं, कारण केंसांखालचें बोटांनाच कळतें. डोळ्यांत चिपडें आहेत काय, कानांस वास येतो काय, हें पाहावें. ओंठ वर करून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी असाव्या, आणि बोटानें दाबून सोडल्यावर गेलेला रंग दोन सेकंदांच्या आंत परत यावा. नंतर कानांची मागील बाजू, बगला, मांड्यांचे सांधे व बोटांच्या बेचक्या चांचपाव्या; गोचिडांस या जागा फार प्रिय. शंका आल्यास ताप पाहावा. कुत्र्यासाठीं थर्मामीटर निराळा ठेवावा व तो गुदद्वारांतून लावावा. निरोगी कुत्र्याचें शरीर १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट इतकें उष्ण असतें. आपल्या हातास तो गरम लागला म्हणजे ताप आहे असें नव्हे, आणि नाक ओलें आहे म्हणून ताप नाहीं असेंही नव्हे.

स्नानाच्या बाबतींत आपल्या घरांतून बहुधा अतिरेक होतो. सोंवळ्याची संवय असल्यामुळें कुत्र्यालाही आठवड्यांतून दोनदां आपल्याच साबणानें घासण्यांत येतें. कुत्र्याची कातडी आपल्या कातडीपेक्षां पातळ असते, व आपल्या त्वचेंत जी किंचित् आंबटता असते ती तिच्यांत बरीच कमी असते. म्हणून आपला साबण तिला मानवत नाहीं. ती कोरडी पडते, खाज सुटते, आणि खाजेला पुन्हां स्नान हा उपाय केला जातो. निरोगी कुत्र्यास तीन-चार आठवड्यांनीं एकदां, कोमट पाण्यानें व कुत्र्यांसाठींच केलेल्या शांपूनें न्हाऊं घालणें पुरें. त्याऐवजीं केंस रोज विंचरावे. त्यानें गळलेले केंस निघतात व घरही स्वच्छ राहतें. पावसाळ्यांत फिरून आल्यावर पाय व पोट जुन्या पंचानें कोरडें पुसावें, कारण ओल्या बेचक्यांतच बुरशी धरते. उन्हाळा आला कीं पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांचे केंस भादरण्याची चूकही पुष्कळ लोक करतात. कुत्र्यास घाम मुख्यतः पायांच्या तळव्यांनाच येतो; अंगांतील उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. त्याचे केंस त्याला उन्हापासून राखतात. ते काढल्यानें गारवा मिळत नाहीं, कातडी मात्र भाजते.

ज्या कुत्र्यांचे कान लोंबते असतात, त्यांच्या कानांत हवा खेळत नाहीं. तो वारंवार मान झाडूं लागला, कान खाजवूं लागला, किंवा आंबूस वास आला, तर पशुवैद्यांस दाखवावें. काडीला कापूस गुंडाळून आंत कोरूं नये, त्यानें मळ अधिक खोल जातो. नखें फरशीवर वाजूं लागलीं म्हणजे तीं वाढलीं असें समजावें. नखाच्या आंत जिव्हाळी असते. पांढऱ्या नखांत ती गुलाबी दिसते, काळ्या नखांत दिसत नाहीं. म्हणून टोंकाकडून थोडें थोडेंच कापावें. चुकून रक्त आल्यास तुरटीची पूड दाबून धरावी. पायाच्या आंतल्या बाजूस जें अंगठ्याचें नख असतें तें जमिनीस टेंकत नसल्यानें झिजत नाहीं, आणि वाढून मांसांत शिरतें. त्याचा विसर पडूं देऊं नये. मोठ्या कुत्र्यास बेचाळीस दांत असतात. मऊ भातावर वाढलेल्या कुत्र्याच्या दांतांवर कीटण लवकर चढतें. तेव्हां मऊ ब्रशानें ते घासावे, पण आपलें दंतमंजन किंवा टूथपेस्ट वापरूं नये, कारण त्याला चूळ भरतां येत नाहीं. सर्व पोटांतच जातें.

शाकाहारी घरांत कुत्र्यास काय घालावें हा प्रश्न मला नेहमीं विचारण्यांत येतो. माणसाच्या सहवासांत राहून कुत्र्यास पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति लांडग्यापेक्षां अधिक आली आहे, हें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून दिसून आलें. म्हणून भात-पोळी त्यास पचते हें खरें. परंतु नुसत्या दहीभातावर त्याचें पोषण होत नाहीं. त्यास प्रथिनें भरपूर हवींत. अंडें घरांत चालत नसेल तर पनीर, डाळी व तयार खाद्य यांची योजना पशुवैद्यांच्या सल्ल्यानें करावी. आपल्या ताटांतील जिन्नस देतांना फार जपावें. कांदा व लसूण यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. द्राक्षें व बेदाणे मूत्रपिंडांस अपाय करतात. तेव्हां सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्याच्या पुढें ठेवण्यापूर्वीं त्यांतील बेदाणे आठवावे. चॉकोलेट व साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेले पदार्थ हीं तर विषेंच. त्याचप्रमाणें माणसांच्या डोकेदुखीच्या गोळ्या त्यास देऊं नयेत, आणि खरजेवर कापूर घातलेलें खोबरेल लावूं नये, कारण लावलेलें सर्व तो चाटतो व कापूर पोटांत गेल्यास त्याला घातक होतो.

लसींविषयीं दोन शब्द. पिलूं सहा ते आठ आठवड्यांचें झालें म्हणजे डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची लस सुरू करावी व ठरलेल्या अंतरानें पुन्हां टोंचून घ्यावी. पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगापुढें आला. त्यांत रक्ताची हगवण लागून लहान पिलें दोन-तीन दिवसांत दगावतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यांत व पुढें नेमानें द्यावी. ६ जुलै १८८५ रोजीं पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या एका मुलास प्रथम लस टोंचली, तेव्हांपासून हा मृत्यू टाळतां येतो. परंतु लक्षणें दिसूं लागल्यावर आजही त्यावर खात्रीचा इलाज नाहीं. कोणत्याही कुत्र्यानें चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. हळद-चुना लावून वाट पाहत बसूं नये.

इतकें सर्व कुत्र्यासाठीं करावयाचें, हें कांहींजणांस चोचले वाटतील. मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. म्हणजे हें ज्ञान आपल्या दाराशीं येऊन सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तें उंबरठ्याच्या आंत घेणें तेवढें राहिलें होतें.

मोती गेल्यावर वर्षभर घरांत कुत्र्याचें नांव कोणी काढलें नाहीं. मग सासूबाईच एके दिवशीं म्हणाल्या, "आणा एखादें पिलूं, पण या खेपेस आधीं ठरवा, पाहणार कोण." तेव्हांपासून स्वयंपाकघरांत दिनदर्शिकेशेजारीं एक वही टांगलेली आहे. दर महिन्यास एकाच माणसाचें नांव तिच्यांत लिहिलें जातें. रात्रींचीं दहा मिनिटें त्याचीं. नखें, स्नान, औषधाची व लसीची तारीख त्याचीच जबाबदारी. इतरांनीं लाड खुशाल करावे. पाहिलेलें मात्र लिहावें, मग "सर्व ठीक" एवढे दोनच शब्द कां असेनात.

गेल्या भाद्रपदांत पाळी जाऊबाईंच्या बारा वर्षांच्या धाकटीची होती. एका रात्रीं तिच्या अक्षरांत लिहिलेलें सांपडलें : "डाव्या कानामागें एक गोचीड काढलें. आज अर्धीच पोळी खाल्ली. हिरड्या नेहमीपेक्षां फिकट." दुसऱ्या दिवशीं सकाळींच मामंजी कुत्र्यास घेऊन दवाखान्यांत गेले. रक्त तपासलें; ताप नुकताच धरला होता. चार आठवडे औषध चाललें, आणि एकही दिवस चुकला नाहीं, हें वहीवरून दिसतें.

तो कुत्रा आतां हा लेख लिहितांना माझ्या पायाशीं निजला आहे. या महिन्यांत पाळी माझी आहे. तेव्हां येथेंच थांबतें.